परदेश प्रवास विमा

परदेश प्रवास विमा म्हणजे ठरावीक मुदतीसाठी देशाबाहेर गेलेल्या व्यक्तीला तेथे अचानक उद्भवणारे आजारपण, अपघात, मृत्यू आणि प्रवासातील अन्य नुकसान यांबाबत आर्थिक संरक्षण देणारा विमा होय. सामान हरवणे, विमान चुकणे, पारपत्र गहाळ होणे यांचाही त्यात समावेश असतो. तथापि वैद्यकीय आणीबाणीतील खर्चाचे संरक्षण हा या विम्याचा गाभा आहे. भारतीय विमा कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रवास संरक्षणाचा अंतर्भाव आरोग्य विमा व्यवसायाच्या व्याख्येत करण्यात आला आहे. भारतात हा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या व केवळ आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्या देतात. त्यांचे नियमन हैदराबाद येथील भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण करते.

या विम्याची उपयुक्तता दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, विमापत्रात कोणत्या आजारांचा समावेश आहे. आणि दुसरी, प्रस्ताव अर्जात प्रवाशाने आपल्या प्रकृतीविषयी दिलेली माहिती किती खरी व पूर्ण आहे. विमापत्र जवळ असणे आणि संरक्षण असणे या एकच गोष्टी नव्हेत.

गरज

भारतात घेतलेला नेहमीचा आरोग्य विमा सामान्यतः देशातील उपचारांपुरताच लागू असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत या शासकीय योजनाही देशातील संलग्न रुग्णालयांपुरत्या मर्यादित आहेत. त्यामुळे भारतात पुरेसा विमा असलेली व्यक्तीही विमानतळ ओलांडताच बहुधा विनाविमा होते.

विमानप्रवासातील अपघाताची भरपाई देण्याचे दायित्व मॉन्ट्रियल करारानुसार विमान कंपनीवर असते. भारत २००९ साली या करारात सहभागी झाला. मात्र हे दायित्व अपघाताबाबत आहे. प्रवाशाला त्याच्या स्वतःच्या प्रकृतीमुळे आलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात सर्वसाधारणपणे त्यात मोडत नाही.

परदेशातील उपचारांची देयके त्या देशाच्या चलनात असतात. अमेरिकेत १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार आणीबाणीच्या रुग्णाची तपासणी करणे व त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. रुग्णाची पैसे देण्याची ऐपत आहे की नाही, हे त्यासाठी पाहता येत नाही. तथापि हे उपचार विनामूल्य नसतात. देयक नंतर येतेच. रुग्णालय, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व रुग्णवाहिका यांची देयके अनेकदा स्वतंत्रपणे येतात. प्रकृती स्थिर झाल्यावर पुढील उपचारांची हमी हा कायदा देत नाही. नेमक्या याच टप्प्यावर विमा कंपनीची लेखी हमी महत्त्वाची ठरते.

इतिहास

प्रवासाशी जोडलेल्या विम्याची सुरुवात रेल्वेच्या काळात झाली. इंग्लंडमध्ये १८४८ साली स्थापन झालेली रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी रेल्वे प्रवाशांचा अपघात विमा उतरवीत असे. अमेरिकेत हार्टफर्ड येथील जेम्स बॅटरसन यांच्या ट्रॅव्हलर्स या कंपनीने १८६४ पासून अपघात विम्याचा व्यवसाय सुरू केला. हा विमा अपघातापुरताच होता. प्रवासातील आजारपणाचे संरक्षण फार पुढे आले.

परदेशातील आजारपणाची महाराष्ट्राला परिचित असलेली सर्वांत जुनी उदाहरणे एकोणिसाव्या शतकातील आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्याहून बोटीने अमेरिकेस गेल्या. तेथील थंडी, अनोळखी आहार व अभ्यासाचा ताण यांत त्यांची प्रकृती खालावली व त्यांना क्षयरोग जडला. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवून त्या त्याच वर्षी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. परक्या देशात त्यांना मुख्य आधार होता तो थिओडिशिया कार्पेंटर या स्नेही स्त्रीच्या कुटुंबाचा. आनंदीबाईंच्या अस्थी पुढे याच कुटुंबाच्या न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत ठेवण्यात आल्या. आजारी प्रवाशाची भिस्त यजमानाच्या सौजन्यावर असण्याचा हा काळ होता.

स्वतंत्र भारतात सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून भारतीय साधारण विमा निगमाच्या चार उपकंपन्या हा व्यवसाय पाहू लागल्या. त्या काळात परकीय चलन नियमन कायदा, १९७३ अन्वये चलनावर कडक निर्बंध होते. घरी पैसा असला तरी तो परदेशी रुग्णालयाला तातडीने पाठविणे सोपे नव्हते. अशा परिस्थितीत १९८४ साली ओव्हरसीज मेडिक्लेम हे विमापत्र सुरू झाले. हप्ता रुपयांत भरून परदेशातील उपचारांचा खर्च परकीय चलनात भागविण्याची सोय त्यामुळे झाली. इ.स. २००० पासून खासगी कंपन्यांना विमा क्षेत्र खुले झाले व विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, वारंवार प्रवास करणारे अशा गटांसाठी वेगवेगळी विमापत्रे उपलब्ध झाली.

कोविड-१९ च्या साथीनंतर काही देशांनी प्रवेशासाठी कोविड उपचारांचा समावेश असलेला विमा बंधनकारक केला. थायलंडने घातलेली अशी अट जुलै २०२२ मध्ये मागे घेण्यात आली.

संरक्षणाची व्याप्ती

परदेश प्रवास विम्यात सामान्यतः पुढील बाबींचा समावेश असतो:

• अचानक उद्भवलेल्या आजारासाठी किंवा अपघातासाठी रुग्णालयातील उपचार व शस्त्रक्रिया
• बाह्यरुग्ण उपचार व औषधे
• तीव्र वेदना शमविण्यापुरते दंतोपचार
• रुग्णाला योग्य रुग्णालयात किंवा मायदेशी हलविणे
• मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणणे किंवा तेथेच अंत्यसंस्कार करणे
• रुग्ण दीर्घकाळ रुग्णालयात असल्यास एका नातेवाइकाचा जाण्यायेण्याचा खर्च
• अपघाती मृत्यू व कायमचे अपंगत्व
• प्रवाशाकडून तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाल्यास द्यावी लागणारी भरपाई

रुग्णाला मायदेशी आणणे ही खर्चिक व गुंतागुंतीची प्रक्रिया आहे. प्रवासी विमानातून रुग्णास झोपवून आणायचे झाल्यास स्ट्रेचरसाठी अनेक आसने राखून ठेवावी लागतात, सोबत डॉक्टर किंवा परिचारिका लागते आणि विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाची पूर्वसंमती घ्यावी लागते. प्रकृती गंभीर असल्यास हवाई रुग्णवाहिकेची आवश्यकता भासते. विमा कंपनीच्या संमतीविना केलेल्या अशा व्यवस्थेचा खर्च बहुतेक विमापत्रांत नाकारला जातो.

रक्कम, वजावट व उपमर्यादा

विम्याची रक्कम बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये ठरते. भारतात ५० हजार डॉलरपासून ५ लाख डॉलरपर्यंतची विमापत्रे सर्रास आढळतात. हप्ता प्रवाशाचे वय, प्रवासाचे दिवस, विम्याची रक्कम व देश यांवर अवलंबून असतो. उपचार महाग असल्यामुळे अमेरिका व कॅनडा यांचा समावेश असलेले विमापत्र आणि ते वगळून दिलेले विमापत्र असे दोन वर्ग केले जातात. युरोपसाठी घेतलेल्या विमापत्रावर परतीच्या वाटेवर अमेरिकेत मुक्काम केल्यास तेथे संरक्षण मिळत नाही.

प्रत्येक दाव्यातील ठरावीक आरंभीची रक्कम प्रवाशाने स्वतः सोसावयाची असते. तिला वजावट म्हणतात. साठी ओलांडलेल्या प्रवाशांच्या अनेक विमापत्रांत उपमर्यादा असतात. म्हणजे खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया, तपासण्या यांसाठी स्वतंत्र कमाल रक्कम ठरलेली असते. विमापत्राच्या पहिल्या पानावर १ लाख डॉलर लिहिलेले असले, तरी शस्त्रक्रियेची उपमर्यादा १० हजार डॉलर असल्यास शस्त्रक्रियेपोटी त्याहून अधिक रक्कम मिळत नाही. दोन विमापत्रांची तुलना केवळ एकूण रकमेवरून केल्यास ती दिशाभूल करणारी ठरते.

एकेरी प्रवासाच्या विम्याची मुदत बहुधा १८० दिवसांपर्यंत असते. मुक्काम लांबल्यास मुदतवाढ मूळ मुदत संपण्यापूर्वीच मागावी लागते व त्या वेळी प्रकृतीची स्थिती पुन्हा कळवावी लागते. सामान्यतः हा विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. वर्षभरातील अनेक प्रवासांसाठी दिलेल्या विमापत्रातही प्रत्येक प्रवासाच्या दिवसांवर मर्यादा असते.

वगळलेल्या बाबी

उपचार घेण्याच्याच हेतूने केलेला प्रवास, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध केलेला प्रवास, नेहमीच्या तपासण्या, गर्भारपण व प्रसूती, मद्य अथवा अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेली दुखापत, स्वतःला करून घेतलेली इजा, युद्धजन्य परिस्थिती आणि साहसी खेळ या बाबी बहुतेक विमापत्रांतून वगळलेल्या असतात. साहसी खेळांसाठी काही कंपन्या अधिक हप्ता घेऊन संरक्षण देतात. मायदेशी परतेपर्यंत लांबविता येण्याजोग्या शस्त्रक्रियांचा खर्चही मिळत नाही. मोतीबिंदू किंवा गुडघ्याच्या सांध्याचे प्रत्यारोपण ही त्याची उदाहरणे होत.

पूर्वीपासून असलेले आजार व माहिती देण्याचे कर्तव्य

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा यांसारखे विमा घेण्यापूर्वीपासून असलेले आजार हा या विम्यातील सर्वाधिक वादाचा विषय आहे. अनेक विमापत्रांतून असे आजार व त्यांच्यामुळे उद्भवणाऱ्या गुंतागुंती वगळलेल्या असतात. काहींत जीव वाचविण्यापुरते, म्हणजे प्रकृती स्थिर होईपर्यंतचे उपचार समाविष्ट असतात व तेही स्वतंत्र मर्यादेत. अधिक हप्ता घेऊन या आजारांना संरक्षण देणारी विमापत्रेही उपलब्ध आहेत.

विमा करार परस्पर विश्वासावर आधारलेला असतो. प्रस्तावकाने आपल्या प्रकृतीविषयी विचारलेली सर्व महत्त्वाची माहिती देणे आवश्यक असते. अर्ज एजंटाने किंवा प्रवासी कंपनीच्या कर्मचाऱ्याने भरला, तरी त्यावर सही करणाराच मजकुरास जबाबदार धरला जातो. ‘साखर थोडीच आहे’, ‘गोळीने रक्तदाब आटोक्यात आहे’ अशा समजुतीने या आजारांचा रकाना कोरा ठेवला जातो व दाव्याच्या वेळी तोच कंपनीच्या नकाराचे कारण बनतो. परदेशी रुग्णालयात दाखल करताना रुग्ण स्वतःच आपला पूर्वेतिहास व चालू औषधे सांगतो आणि ती नोंद विमा कंपनीपर्यंत पोहोचते.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय महत्त्वाचे मानले जातात. २००९ मधील एका निर्णयात विमाधारकाने मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार प्रस्तावात नमूद केला नव्हता. मेडिक्लेमचा दावा नाकारण्याचा कंपनीचा निर्णय न्यायालयाने योग्य ठरविला. याउलट ६ डिसेंबर २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने विमाधारकाच्या बाजूने कौल दिला. त्या प्रकरणात अमेरिकेत लग्नसमारंभासाठी गेलेल्या प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरताच अस्वस्थ वाटू लागले व हृदयविकारामुळे त्याच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. रक्तातील मेदाचे वाढलेले प्रमाण व मधुमेह ही माहिती दडविल्याचे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला होता. प्रवाशाने मधुमेह असल्याचे आधीच सांगितले होते आणि वैद्यकीय तपासणीनंतरच विमापत्र देण्यात आले होते. ज्ञात असलेल्या प्रकृतीचा विचार करून एकदा विमापत्र दिल्यावर त्याच कारणासाठी दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दोन्ही निर्णय एकत्र वाचल्यास तत्त्व स्पष्ट होते. दडविलेला आजार कंपनीच्या बाजूने उभा राहतो आणि सांगितलेला आजार विमाधारकाच्या बाजूने.

विविध देशांचे नियम

शेंगेन क्षेत्र : युरोपातील २९ देशांच्या या क्षेत्रात अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक आहे. एक युरो सुमारे १०० रुपये धरल्यास ही रक्कम ३० लाख रुपये होते. विमा क्षेत्रातील सर्व देशांत व मुक्कामाच्या पूर्ण मुदतीसाठी वैध असावा लागतो. तातडीचे उपचार, मृत्यू व मायदेशी परत पाठवणी यांचा खर्च त्यात समाविष्ट असणे बंधनकारक आहे.

अमेरिका : पर्यटक व्हिसासाठी विम्याची सक्ती नाही. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर ही शासकीय योजना पर्यटकांना लागू नसते. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या पालकांनाही ६५ वर्षे वयानंतर व सामान्यतः सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच तीत हप्ता भरून सहभागी होता येते.

कॅनडा : तेथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांना व आजीआजोबांना मिळणाऱ्या सुपर व्हिसासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा व किमान एक वर्ष मुदतीचा आरोग्य विमा आवश्यक असतो.

ब्रिटन : सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसासाठी अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड व विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड आहे. पर्यटकांना अपघात व आणीबाणी विभागातील उपचार विनामूल्य असतात. मात्र रुग्णालयात दाखल केल्यावर राष्ट्रीय दराच्या दीडपट आकारणी होते.

ऑस्ट्रेलिया : विद्यार्थ्यांना परदेशी विद्यार्थी आरोग्य विमा सक्तीचा आहे. ऑस्ट्रेलियाने काही देशांशी परस्पर आरोग्यसेवा करार केले आहेत. त्यांत भारताचा समावेश नाही.

पनवेल व कोकणातील संदर्भ

रायगड जिल्ह्यातील पनवेल हे मुंबई–पुणे मार्गावरील व कोकणात उतरणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या आरंभाचे शहर आहे. तालुक्यातील उलवे परिसरात उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे हवाई प्रवास या परिसराच्या दैनंदिन जीवनाचा भाग बनत आहे.

या भागातून परदेशी जाणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट ज्येष्ठ नागरिकांचा. नवीन पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहतींतील अनेक कुटुंबांची मुले नोकरी-शिक्षणासाठी परदेशी असतात. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी व नातवंडांच्या संगोपनासाठी आईवडील तिकडे जातात. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका वेळी बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा मिळते आणि तितका काळ नियमित तपासण्यांपासून दूर राहणारा हा गट विम्याच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचा ठरतो. दुसरा गट सहल कंपन्यांसोबत जाणाऱ्या पर्यटकांचा. सहलीच्या शुल्कात विमा समाविष्ट असला, तरी त्याची रक्कम व त्यात पूर्वीच्या आजारांचे स्थान काय, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

तिसरा गट आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या कामगारांचा. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांचे अर्थकारण या नोकऱ्यांशी निगडित आहे. उत्प्रवास तपासणी आवश्यक असलेल्या पारपत्रधारकांना अधिसूचित देशांत नोकरीसाठी जाताना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. २००३ साली सुरू झालेल्या या योजनेत अपघाती मृत्यू अथवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण असून करांव्यतिरिक्त दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये व तीन वर्षांचा ३७५ रुपये आहे. मात्र नोकरीऐवजी पर्यटक व्हिसावर जाऊन काम शोधणारा कामगार या योजनेच्या बाहेर राहतो.

आणीबाणीतील कार्यपद्धती

विमा कंपन्या परदेशातील कामासाठी साहाय्य संस्थांची नेमणूक करतात. विमापत्रावर त्यांचा चोवीस तास चालू असणारा दूरध्वनी क्रमांक असतो. रुग्णाला दाखल करताना, अथवा जिवावरचा प्रसंग असल्यास त्यानंतर लवकरात लवकर, या संस्थेला कळवावे लागते. संस्था रुग्णालयाशी संपर्क साधून हमीपत्र देते व देयक परस्पर चुकते होते. यास कॅशलेस उपचार म्हणतात. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च प्रवाशाने आधी करावयाचा असतो व त्याची प्रतिपूर्ती भारतात परतल्यावर रुपयांत होते.

दाव्यासाठी विमापत्र, पारपत्राच्या प्रवेश-निर्गमनाच्या नोंदी असलेल्या पानांच्या प्रती, डॉक्टरांचा अहवाल, रुग्णालयातून सोडल्याचा सारांश, तपशीलवार देयके व पावत्या सादर कराव्या लागतात. अपघात असल्यास पोलीस अहवालही लागतो. औषधांची मूळ द्रव्यनामे असलेली डॉक्टरांची चिठ्ठी उपचारांइतकीच दाव्यासाठीही उपयोगी पडते. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांवर कडक नियंत्रण असल्यामुळे तेथे या चिठ्ठीचे महत्त्व अधिक आहे. काही औषधांसाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागते.

परदेशात मृत्यू

परदेशात मृत्यू झाल्यास पार्थिव भारतात आणण्यासाठी स्थानिक मृत्यू प्रमाणपत्र, शवसंलेपनाचे प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाचे ना हरकत पत्र व रद्द केलेले पारपत्र ही कागदपत्रे लागतात. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असल्यास पोलीस तपास पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. विमा असल्यास साहाय्य संस्था हे काम पाहते. विमा नसलेल्या गरजू भारतीयांसाठी दूतावासांमार्फत २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी उपलब्ध आहे. त्यातून आणीबाणीचे उपचार व पार्थिव आणण्याचा खर्च आर्थिक स्थिती पाहून दिला जातो. अशा प्रसंगी परदेशातील महाराष्ट्र मंडळे व स्थानिक भारतीय लोकवर्गणीही उभारतात. तथापि या साहाय्याची रक्कम व वेळ यांची खात्री नसते.

तक्रार निवारण

दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. एका महिन्यात उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. लोकपालाकडे शुल्क नसते व वकिलाची गरज नसते. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंत भरपाई देऊ शकतो व त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पनवेलच्या रहिवाशासाठी हा आयोग अलिबाग येथे आहे. या कायद्यात आयोगाची अधिकारमर्यादा दाव्याच्या नव्हे, तर दिलेल्या मोबदल्याच्या रकमेवर ठरते. प्रवास विम्यात हा मोबदला म्हणजे हप्ता होय. त्यामुळे परदेशातील देयक कितीही मोठे असले, तरी प्रवास विम्याचे बहुतेक तंटे जिल्हा आयोगातच चालतात. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

मर्यादा

परदेश प्रवास विमा हा नियमित आरोग्य विम्याला पर्याय नाही. तो आणीबाणीपुरता असतो. मुदत संपल्यावर किंवा प्रवासी मायदेशी परतल्यावर पुढील उपचारांचा भार बहुधा देशातील विम्यावर येतो. व्हिसासाठी लागणारी विम्याची किमान रक्कम त्या देशाच्या प्रशासकीय अटीची पूर्तता करते. प्रवाशाचे वय, त्याचे आजार व त्या देशातील उपचारांचा खर्च यांच्याशी ती जुळेलच असे नाही.